वशिंड, तुरा आणि नस

गोऱ्हा कधी बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, हा जळकोटच्या शिवारात कायमचा वादाचा विषय. कुणी म्हणतो दोन दात आल्यावर, कुणी म्हणतो चार. पण घाई करू नये, यावर सगळ्यांचे एकमत. लहानपणी मी एका चुलत आजोबांना याचे कारण विचारले. त्यांनी दावणीला बांधलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "लवकर बडवला तर वशिंड धरत न्हाई बघ. खांदा भरू दे, मान भरू दे, मग बडव." प्रश्न तिथेच संपला. पुढे कॉलेजात शरीरशास्त्राच्या पुस्तकात पुरुषी संप्रेरकाचे प्रकरण वाचताना तो बैल पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. पुस्तकातले निम्मे आजोबांनी एका वाक्यात आधीच सांगून टाकले होते.

जळकोट आज लातूर जिल्ह्यातला लहानसा तालुका. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला नांदेड जिल्ह्यातले मुखेड आणि कंधार. म्हणजे गोवंशाच्या नकाशावर पाहिले, तर देवणी आणि लाल कंधारी या मराठवाड्याच्या दोन नामांकित जातींच्या बरोबर मधोमध. देवणीचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार इथली जाणती माणसे लांबूनच ओळखतात. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत बैल पाहणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर आणि मग वशिंडावर थाप मारतो. वळूचे वशिंड मोठे आणि ताठ, गाईचे जेमतेम. ही उंची कुठून येते, हे त्याला नीट ठाऊक असते. अंड असेपर्यंत ती वाढते, अंड गेले की वाढ थांबते. म्हणून आधी वशिंड वाढू द्यायचे आणि मग बडवायचे. ताकद वळूची, स्वभाव बैलाचा, असा हा हिशेब. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण ज्या खांद्याला लोणी-हळद चोळतो, तो खांदा अशा रीतीने वेळ साधून घडवलेला असतो.

बडवायची जुनी रीत ऐकायलाही कठीण आहे. गोऱ्ह्याला पाडायचे, पाय बांधायचे, अंडाच्या वरची नस दोन काठ्यांमध्ये धरून चेचायची. कातडी फाटत नाही, रक्त सांडत नाही. काही आठवड्यांत अंड आतल्या आत सुकून जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्याने याच तत्त्वावर एक मोठा चिमटा बनवला. तो आज गावोगावच्या ढोरांच्या दवाखान्यात असतो. काठ्या गेल्या, चिमटा आला. चेचायची ती नसच.

ही 'नस' लक्षात ठेवावी. या लेखात ती पुन्हा येणार आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

अंड आणि वशिंड यांचा संबंध आहे, एवढे शेतकऱ्याला पुरे होते. पण अंड आहे मागच्या पायांत आणि वशिंड खांद्यावर. इथला निरोप तिथे जातो कसा? जर्मनीतल्या ग्योटिंगन इथे आर्नोल्ड बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने १८४८ च्या ऑगस्टमध्ये सहा कोवळे कोंबडे घेऊन हा प्रश्न विचारला. काहींची दोन्ही अंडे काढली. त्यांचे तुरे फिके पडले, आरवणे थांबले, झुंजायची खुमखुमी गेली. काहींची अंडे काढून ती जागेवर न ठेवता पोटात आतड्यांजवळ लावून दिली. हे कोंबडे मात्र तुरा फुलवून आरवायला लागले, कोंबड्यांच्या मागे धावायला लागले, भांडायला लागले. नंतर बर्थोल्डने त्यांना उघडून पाहिले, तेव्हा पोटात लावलेल्या अंडाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या. जुनी मज्जातंतूची जोडणी तुटली होती, जुनी नळी तुटली होती, तरी काम चालू होते. म्हणजे निरोप नसेतून जात नव्हता, तंतूंतून जात नव्हता. तो रक्तातून जात होता.

१८४९ साली हा निबंध छापला गेला. जेमतेम चार पानांचा. पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याच्याकडे कुणी फारसे फिरकले नाही. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा होते. उत्तर आधी येते आणि प्रश्न मागून. 'हॉर्मोन' हा शब्दच मुळी १९०५ साली इंग्लंडच्या स्टार्लिंगने वापरात आणला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो.

मधल्या काळात जे झाले ते शास्त्रापेक्षा बाजाराच्या जवळचे होते. १ जून १८८९ रोजी पॅरिसच्या एका नामांकित शास्त्रीय सभेत शार्ल एदुआर ब्राउन-सेकार हे ७२ वर्षांचे बडे शरीरशास्त्रज्ञ उभे राहिले. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या अंडांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला, असे त्यांनी सांगितले. अंगात जोर आला, जिना धावत चढता येतो, बौद्धिक काम जास्त वेळ करता येते. इतकेच काय, लघवीची धार किती लांब जाते हेही त्यांनी मोजले होते. सभेला हसावे की टाळ्या वाजवाव्यात, कळेना. बाहेरच्या जगाला मात्र लगेच कळले. दोन-तीन वर्षांत असले अर्क युरोप-अमेरिकेत विकले जाऊ लागले. शंभरेक वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच कृतीने अर्क बनवून मोजला, तेव्हा त्यात काही परिणाम व्हावा इतके संप्रेरक नव्हतेच. आलेला जोर मनाचा होता.

यावर हसण्याआधी आपल्या घरातही डोकावावे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरणाच्या अध्यायात बोकडाचे अंड दुधात शिजवून घेण्याचा योग आहे. ज्या अवयवाची ताकद हवी तो अवयव खावा, ही कल्पना पॅरिसला आणि आपल्याला सारखीच सुचली. आणि दोन्हीकडे तीच अडचण होती. अंड संप्रेरक बनवते, पण साठवत नाही; बनले की रक्तात सोडते. शिवाय तोंडावाटे पोटात गेलेले हे संप्रेरक आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथेच बहुतेक मोडले जाते. मराठवाड्याच्या रस्त्यांवर भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' आणि 'मर्दानी ताकद'च्या जाहिराती पाहिल्या, की ब्राउन-सेकारचे आत्मे अजून फिरत आहेत, असे वाटते.

याहून मजेशीर प्रकरण व्हिएन्नाचे. तिथल्या ऑयगेन श्टाइनाखचे म्हणणे असे, की अंडात दोन कारखाने आहेत. एक बीज बनवतो, दुसरा संप्रेरक. बीज बाहेर नेणारी नळी बांधून टाकली तर पहिला कारखाना बंद पडेल आणि दुसऱ्याला जास्त जागा मिळून म्हातारा तरुण होईल. १९१८ पासून ही शस्त्रक्रिया माणसांवर होऊ लागली आणि १९२० च्या दशकात तिची फॅशनच आली. खुद्द फ्रॉइडने १९२३ मध्ये ती करून घेतली. नीट पाहिले तर ही शस्त्रक्रिया म्हणजे आपली नसबंदीच. तारुण्य परत यावे म्हणून युरोपातले श्रीमंत म्हातारे पैसे मोजून नसबंदी करून घेत होते!

त्यांच्यात एक होता आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स. १९३४ च्या एप्रिलमध्ये, ६८ व्या वर्षी, लंडनला नॉर्मन हेअर या डॉक्टरकडून त्याने ही शस्त्रक्रिया करवून घेतली आणि पुढच्या काळाला आपले दुसऱ्यांदा वयात येणे मानले. गंमत अशी, की याच वर्षांत त्याचा एक जवळचा सोबती मराठी संन्यासी होता. बडनेऱ्यात जन्मलेले शंकर गजानन पुरोहित, म्हणजे श्री पुरोहित स्वामी. १९३५–३६ च्या हिवाळ्यात स्पेनच्या मयोर्का बेटावर बसून दोघांनी दहा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९३७ मध्ये छापून आले. एका बाजूला वीर्य राखावे असे मानणाऱ्या परंपरेतला स्वामी, दुसऱ्या बाजूला नळी बांधून तरुण झालेला कवी. वीर्य आत अडवले की तेज वाढते, या समजुतीवर दोघांचीही परंपरा उभी होती. येट्सने त्यानंतर उत्तम कविता लिहिल्या हे खरे. पण त्याचे श्रेय त्या दोन टाक्यांना देता येत नाही. बांधलेली नळी संप्रेरक वाढवत नाही.

पॅरिसच्या सर्ज व्होरोनॉफने तर १९२० पासून चिंपांझीच्या अंडाच्या चकत्या माणसांत बसवायला सुरुवात केली आणि त्यातून तो गडगंज झाला. शरीर परक्या प्राण्याचा अवयव स्वीकारत नाही. चकत्या सुकून जात होत्या. त्याच्याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

त्याच सुमाराला मुंबईत एक माणूस नेमक्या याच गोंधळाशी एकट्याने झगडत होता. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या पायी नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवले. वीर्यनाशाने शक्ती जाते, रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, या गोष्टींवर त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या असल्याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मात्र मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईच्या त्या मासिकाचे वारे उदगीर-जळकोटपर्यंत कितपत आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता खऱ्या संप्रेरकाकडे येऊ. ते सापडले ते बैलांच्या जिवावर. नेमके म्हणायचे तर वळूंच्या. शिकागो तेव्हा अमेरिकेचे सगळ्यात मोठे कत्तलखाना-शहर होते. १९२७ साली तिथल्या विद्यापीठात फ्रेड कॉख आणि लेम्युएल मॅगी यांनी सुमारे १८ किलो वळूंच्या अंडांतून जेमतेम २० मिलिग्रॅम अर्क काढला. तो खरा आहे की नाही, हे ओळखायचे कसे? पुन्हा बर्थोल्डचाच कोंबडा! खच्ची केलेल्या कोंबड्याला अर्क टोचायचा आणि तुरा फुलतो का ते पाहायचे. १९३१ मध्ये जर्मनीच्या आडोल्फ बुटेनान्टने बर्लिनच्या पोलीस शिपायांचे १५,००० लिटर मूत्र आटवून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले. शेवटी १९३५ साली ॲमस्टरडॅमला अर्न्स्ट लाक्वेर यांच्या प्रयोगशाळेने वळूंच्या १०० किलो अंडांतून १० मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक काढले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बुटेनान्ट आणि झ्यूरिकचे लिओपोल्ड रुझिच्का यांनी काही दिवसांच्या अंतराने, स्वतंत्रपणे, कोलेस्टेरॉलपासून ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. पुढे वळू मारायची गरज उरली नाही. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांत विभागले गेले. नाझी सरकारने बुटेनान्टला ते घेऊ दिले नाही.

शंभर किलोतून दहा मिलिग्रॅम! हा आकडा ज्याने पाहिला, तो अंड दुधात शिजवून ताकद मिळवायच्या भानगडीत पडणार नाही.

हे संप्रेरक नेमके करते काय? मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस थोड्या थोड्या वेळाने एक इशारा खालच्या पिट्युटरी ग्रंथीला देतो. ती ग्रंथी रक्तातून दुसरा इशारा अंडाकडे पाठवते. बीज बनवणाऱ्या नळ्यांच्या मधल्या फटींत ज्या पेशी असतात, त्या हा इशारा मिळताच टेस्टोस्टेरॉन बनवतात. १८५० साली फ्रान्ट्स लायडिगने त्यांचे वर्णन केले म्हणून त्या लायडिग पेशी. रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू ते ओळखतो आणि आपला इशारा मंदावतो. विहिरीवरच्या मोटारीला टाकी भरली की आपोआप बंद होणारे बटण बसवावे, तसा हा प्रकार. धडधाकट तरुणात रोज पाच ते सात मिलिग्रॅम तयार होते. वर्षाचे सगळे मिळून दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर मीठ. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ते साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम असते. पहाटे-सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. म्हणून तपासणी सकाळी करायची, आणि एकदा कमी आले म्हणून भागत नाही, पुन्हा करायची. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनपैकी शेकडा दोनच भाग मोकळा फिरतो. बाकीचा प्रथिनांना चिकटलेला.

हा मोकळा भाग पेशीत शिरतो, तिथल्या ग्राहकाला जाऊन बसतो आणि पेशीच्या गुणसूत्रांना काय बनवायचे ते सांगतो. स्नायूत तो थेट काम करतो. प्रोस्टेट, दाढी आणि डोक्याच्या केसांच्या मुळांशी त्याचे आणखी तीव्र रूप बनते. हाडांत आणि चरबीत त्यातला काही भाग चक्क स्त्रीसंप्रेरकात बदलतो, आणि पुरुषाची हाडे मजबूत राहायला ते स्त्रीसंप्रेरक लागते. स्त्रीच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असते, फक्त बरेच कमी. 'पुरुषी' आणि 'बायकी' ही शरीराची भाषा नाही, आपली आहे.

आजोबांचे वशिंडही यातच बसते. वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबीचा उंचवटा, टेस्टोस्टेरॉनने वाढणारा. वाढ होऊन गेल्यावर संप्रेरक तोडले, तर बरेचसे टिकते. वाढायच्या आधीच तोडले, तर वाढतच नाही. माणसातही असेच. देवगिरीवर १३०७ च्या सुमारास चालून आलेला अलाउद्दीनचा सरदार मलिक काफूर खोजा होता, असे तेव्हाचे इतिहासकार लिहितात. त्याच्या तलवारीचा जोर मराठवाड्याने अनुभवला. खच्ची केलेला माणूस दुबळाच असतो, हे तेव्हाही खरे नव्हते.

औषध म्हणून टेस्टोस्टेरॉनचा खरा उपयोग आहे, पण तो जाहिरातींत दिसतो त्याच्या मानाने फार अरुंद आहे. ज्याच्या शरीरात ते बनतच नाही किंवा फार कमी बनते, त्याला ते बाहेरून द्यायचे. असे पुरुष असतात. सुमारे पाचशे-सहाशे मुलग्यांत एक मुलगा एक जास्तीचे एक्स गुणसूत्र घेऊन जन्मतो. त्याला क्लाइनफेल्टर म्हणतात. उंच, दाढी विरळ, अंडे लहान आणि घट्ट. बहुतेकांचे निदान होतच नाही. झाले तर लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी करताना होते. काही मुलांचा मेंदूतला पहिला इशाराच नसतो, आणि त्यांतल्या काहींना वासही येत नाही, कारण भ्रूणात वासाच्या आणि या इशाऱ्याच्या पेशी एकाच वाटेने मेंदूत येतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत नाही, मिसरूड फुटत नाही, तेव्हा आई-बाप देवदेव करत बसतात. त्याने आधी अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरकडे जायला हवे. मोठ्या वयात गालगुंडाने अंड सुजून सुकले, पिट्युटरीत गाठ झाली, कर्करोगाच्या उपचारात ग्रंथी गेल्या, अशांनाही ते लागते. मुलीच्या देहात जन्मून पुरुष म्हणून जगणाऱ्यांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच दिले जाते. आधी तेलातली सुई होती, दोन-तीन आठवड्यांनी एकदा. आता कातडीला लावायचे जेल आहे, आणि अडीच-तीन महिने पुरणारी सुईही. हे उपचार सुरू असताना रक्त दाट होत नाही ना आणि प्रोस्टेट वाढत नाही ना, हे बघत राहावे लागते.

पण या संप्रेरकाचा सगळ्यात मोठा वैद्यकीय धडा ते देण्यात नाही, ते तोडण्यात आहे. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले, की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णाची अंडे काढली, तर गाठी आक्रसतात आणि हाडांची ठणक ओसरते. कर्करोग संप्रेरकावर जगतो आणि ते तोडले की उपाशी मरतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल मिळाले. आता हेच काम सुईने होते. मेंदूचा इशाराच बंद पाडणारी औषधे महिन्याला किंवा तीन महिन्यांनी देतात. पण सुया वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात आणि महाग असतात, म्हणून आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत अंडे काढायची छोटी शस्त्रक्रिया अजून खूप होते. खेड्यातल्या म्हाताऱ्याला हे सांगितले की घरचे दचकतात. वळूच्या, बैलाच्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. चार-आठ दिवसांत पाठीचे दुखणे ओसरून तो माणूस पहिल्यांदा रात्रभर झोपतो, तेव्हा ती दचक निघून जाते.

उलट्या बाजूला तालीम आहे. मराठवाड्याच्या मातीत कुस्तीचे वेड जुने. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोने जिंकले, ते दूध, बदाम आणि मेहनतीवर. पण १९५८ साली सिबा कंपनीने मेथँडिनोन ही गोळी बाजारात आणली आणि जगभरच्या खेळाडूंना स्नायू वाढवायचा आडमार्ग मिळाला. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ साली, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, हेच मेथँडिनोन सापडले. आपल्या खाण्यात कुणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते आणि देशातल्या यंत्रणेने ते मान्यही केले. क्रीडा लवादाने मात्र चार वर्षांची बंदी घातली. तो वाद तिथे सोडू. गावातल्या जिमचा प्रश्न जास्त जवळचा आहे. चिठ्ठीशिवाय मिळणारी 'ताकदीची सुई' घेणाऱ्या पोराला कुणी हे सांगत नाही, की बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू टाकी भरली असे समजून मोटार बंद करतो. अंड रिकामटेकडे होते, आकसते, बीज बनणे थांबते. हे इतके पक्के आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या सुईची चाचणी घेतली होती आणि १९९० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीतल्या निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात बीज उरले नव्हते. मर्दानगीसाठी जी सुई पोरे टोचून घेतात, ती खरे तर पुरुषाला काही काळ खच्ची करणारी सुई आहे.

आणि खच्ची न करणारी नसबंदी? तिला आपण खच्ची करणारी ठरवले.

१९६७ च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली. गाडी पकडता पकडता पुरुष शस्त्रक्रिया करून घेऊन जात. त्यात जबरदस्ती नव्हती. मग आणीबाणी आली. १९७६ च्या जानेवारीत मराठवाड्याच्या वेशीवरच्या बार्शीत दहा दिवसांत हजार नसबंदींचे लक्ष्य ठरले आणि बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना गाड्यांत कोंबून नेल्याची बातमी स्थानिक पत्राने छापली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९७६–७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या. त्या दिवसांत सरकारी जीप दिसली की माणसे तुरीच्या शेतात जाऊन बसत, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांकडून कुणीही ऐकून घ्यावे.

पळणाऱ्यांना सगळ्यांनी अडाणी म्हटले. मला तसे वाटत नाही. जबरदस्तीचा राग होताच, पण त्यांची भीतीही बिनबुडाची नव्हती. ती गोठ्यातून आलेली होती. बैल बडवताना काय चेचतात? नस. आणि सरकार काय बंद करणार? नस. शब्द एकच. नस चेचल्यावर गोऱ्ह्याचे काय होते, हे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्याने याहून वेगळा निष्कर्ष काढायचा तरी कसा? त्याचे शास्त्र बरोबर होते, फक्त त्याला दोन नसांमधला फरक कुणी दाखवला नव्हता. अंडाच्या वरच्या त्या दोरीत बीज नेणारी नळी असते, तशा रक्तवाहिन्याही असतात. काठ्या आणि चिमटा सगळेच चेचतात. रक्त तुटते म्हणून अंड मरते आणि संप्रेरकही संपते. नसबंदीत डॉक्टर त्या दोरीतून फक्त नळी वेगळी काढून कापतो आणि बांधतो; रक्तवाहिन्या तशाच राहतात. टेस्टोस्टेरॉन आधीसारखेच रक्तातून फिरत राहते. वीर्याचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच राहते, कारण त्यातला बीजाचा वाटा अगदी थोडा असतो, बाकीचे प्रोस्टेट आणि शेजारच्या ग्रंथींचे. बर्थोल्डच्या कोंबड्यांनी १८४९ मध्ये हेच सांगितले होते. नळी तुटली तरी तुरा फुलतो.

गावागावात गोऱ्ह्याचे चित्र काढून हा फरक समजावणारा एक माणूस पाठवला असता, तर शंभर जीपगाड्यांपेक्षा जास्त काम झाले असते. तसा कुणी पाठवला नाही. आणीबाणी गेली, सरकार पडले, आणि कुटुंबनियोजनाची सगळी कात्री पुरुषांवरून उचलून बायकांवर ठेवण्यात आली. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. बाईची शस्त्रक्रिया पोट उघडून होते, बहुतेकदा बाळंतपणाला जोडूनच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यातल्या आकड्यांनुसार देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईने शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुषाने करून घेतल्याचे प्रमाण आहे ०.३ टक्के.